एसएमपीएस जळाला आणि हार्ड डिस्क दिसेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला लागणारी वीज पुरवणारा आतला डबा, गेला की यंत्राचं दुःख फार वेळ टिकत नाही, कारण यंत्र नवं आणता येतं. खरी काळजी असते ती आत अडकलेल्या फोटोंची, अर्ध्यावर आलेल्या प्रबंधाची, कित्येक वर्षांच्या हिशेबाची. म्हणून खालची सगळी उत्तरं डेटाच्या बाजूने लिहिली आहेत. माझ्या पाहण्यात एसएमपीएस जळताना डेटा कायमचा नष्ट झाल्याची उदाहरणं थोडी आहेत. त्यानंतरच्या तासाभरात, ‘बघू पुन्हा चालू होतो का’ म्हणत गमावलेला डेटा मात्र खूप पाहिला आहे.

आत्ताच ‘फट्’ असा आवाज आला आणि जळका वास येतोय. पहिल्यांदा काय करू?

भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग उपसून काढा. धूर येत असेल तर लांब व्हा, खिडक्या उघडा, पाणी मुळीच मारू नका. वास गेला की कॅबिनेट उघडा, आतल्या जोडण्यांचा एक फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक हार्ड डिस्क व एसएसडीची (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कची) पॉवर केबल आणि डेटा केबल काढून टाका. इथून पुढे यंत्राची तपासणी डिस्कशिवाय होईल.

पुन्हा चालू करून बघण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण एसएमपीएसमधला व्होल्टेज आवरणारा भाग निकामी झाला असेल, तर दुसऱ्या खेपेला तो तेवढाच किंवा त्याहून मोठा झटका देऊ शकतो. पहिला झटका झेलण्यासाठी डिस्कवर संरक्षक डायोड असतात. ते पहिल्याच वेळी जळून तुटले असतील, तर दुसरा झटका थेट आत जाऊ शकतो.

संगणक अजिबात चालू होत नाही. दोष एसएमपीएसचाच आहे हे कसं ओळखायचं?

आधी सोप्या गोष्टी बघून घ्या: भिंतीवरचा सॉकेट, पॉवर केबल, एसएमपीएसच्या मागचा खटका. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० अशी निवड करणारं लाल बटण असतं. २३० व्होल्टच्या विजेवर ते चुकून ११५ वर सरकलेलं असेल, तर आतले भाग क्षणात उडतात.

मग मदरबोर्डाला जाणारा २४ पिनांचा कनेक्टर काढा. प्लग लावलेला असताना जांभळ्या तारेवर, म्हणजे ९व्या पिनेवर, कायम ५ व्होल्ट असायला हवेत. संगणक ‘बंद’ असतानाही ही तार जागी असते, बटण दाबल्याचं मदरबोर्डाला कळतं ते तिच्यामुळे. ती मेलेली असेल तर पुढे तपासण्यासारखं फारसं उरत नाही. ती ठीक असेल तर प्लग काढून हिरवी तार (१६वी पिन) शेजारच्या काळ्या तारेला वायरच्या तुकड्याने जोडा आणि प्लग लावा. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निदान उठतो आहे. काही नव्या एसएमपीएसमध्ये लोड कमी असताना पंखा मुद्दाम थांबवून ठेवलेला असतो, त्यामुळे नुसत्या पंख्यावर विसंबू नका, व्होल्टेज मोजा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्ट, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, हे एटीएक्स या संगणकाच्या एसएमपीएसच्या मानकाला मान्य आहे. राखाडी तार ‘सगळं ठीक’ असा संकेत देते, तिच्यावर चालू झाल्यावर क्षणभरात ५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

सगळ्या तारा काळ्या असतील तर रंगाऐवजी पिनेचा क्रमांक धरा. मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत कधीकधी स्वतःच्याच मांडणीचा कनेक्टर असतो, तिथे ही हिरव्या तारेची चाचणी करू नका.

एकटा एसएमपीएस उठतो पण मदरबोर्ड जोडला की लगेच बसतो, असं असेल तर शॉर्ट पलीकडे कुठेतरी आहे. कॅबिनेटचं पुढचं बटण बिघडलेलं असण्याची शक्यताही विसरू नका. मदरबोर्डावर ते बटण ज्यांना जोडलेलं असतं त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की ती शंका मिटते.

मल्टिमीटरवर व्होल्टेज बरोबर दिसतं, तरी मशीन मधेच रिस्टार्ट होतं. असं का?

मल्टिमीटर सरासरी दाखवतो. त्या सरासरीवर वेगाने थरथरणारी लहर, म्हणजे रिपल, त्याला दिसत नाही. मानकानुसार १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टपर्यंत रिपल चालतो, आणि तो बघायला ऑसिलोस्कोप लागतो. रिपल वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे म्हातारे झालेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. आतला द्रव हळूहळू सुकतो, अंतर्गत रोध वाढतो, कधी डोकं फुगतं, कधी बुडाशी तपकिरी ओघळ दिसतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. धुळीने बुजलेला पंखा एसएमपीएसचा जीव घेतो तो असा. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभर पसरले आणि त्या काळातले असंख्य मदरबोर्ड आणि एसएमपीएस अकाली गेले, तेव्हापासून फुगलेला कॅपॅसिटर सगळ्यांच्या ओळखीचा झाला.

अशा मशीनमध्ये हार्ड डिस्कच बरेचदा पहिली तक्रार करते. साडेतीन इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपियर लागतात. एसएमपीएस कमजोर असेल तर ती वेग घेते, बसते, पुन्हा वेग घेते. हा आवाज ऐकू आला तर डिस्क खराब ठरवण्याआधी खात्रीच्या एसएमपीएसवर लावून बघा.

एसएमपीएस उघडून कॅपॅसिटर स्वतः बदलू का?

नको. २३० व्होल्ट वीज आत एकदिश होते तेव्हा ३२५ व्होल्टच्या आसपास जाते, आणि हल्लीच्या बहुतेक एसएमपीएसमध्ये ती ४०० व्होल्टच्या जवळ नेली जाते. प्लग काढल्यावरही मोठा कॅपॅसिटर हा भार धरून बसू शकतो. ज्याला तो सुरक्षितपणे रिकामा करता येत नाही त्याने झाकणाचे स्क्रू सोडू नयेत.

एसएमपीएसमुळे डिस्क नेमकी कशी बिघडते?

प्रकार तीन, आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

पहिला जास्त व्होल्टेजचा. ५ किंवा १२ व्होल्टच्या तारेवर भलतंच व्होल्टेज येतं आणि डिस्कच्या खालच्या हिरव्या किंवा निळ्या बोर्डावरचे भाग जळतात. चकत्यांवरचा चुंबकीय डेटा मात्र जिथल्या तिथे असतो, व्होल्टेजने तो पुसला जात नाही. झटका खोलवर गेला तर आतल्या हेडजवळची, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाजवळची, संकेत वाढवणारी प्रीॲम्प्लिफायर चिप जाते, आणि मग काम अवघड होतं.

दुसरा अचानक वीज जाण्याचा. फिरत्या डिस्कमध्ये यासाठी केलेली सोय मला फार आवडते. वीज गेली की फिरती मोटर गतीच्या जोरावर जनित्र बनते, आणि तिने बनवलेल्या विजेवर हेड सुरक्षित जागी नेली जातात. हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतात, त्यामुळे ही धडपड शब्दशः जीव वाचवणारी आहे. तरी डिस्कच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, असलेला, अजून चकतीवर न लिहिलेला मजकूर जातोच. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४सारख्या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइलींची मांडणी ठेवणाऱ्या रचना) बदलांची नोंदवही, म्हणजे जर्नल, ठेवतात, म्हणून फोल्डरांची रचना बहुधा सावरते. त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते.

तिसरा मळक्या किंवा कमी व्होल्टेजचा, आणि तो सगळ्यात फसवा. महिनोनमहिने डिस्कवरचं लिखाण अडखळत राहतं, सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, खराब दिसू लागतात आणि दोष डिस्कवर जातो. नवी डिस्क लावली की काही दिवसांत तेच.

नवा एसएमपीएस बसवला, केबल जुन्याच ठेवल्या. लगेच दोन डिस्क गेल्या. योगायोग?

योगायोग नाही. हा प्रश्न वाचून दरवेळी वाईट वाटतं, कारण ही चूक पूर्ण टाळता येण्यासारखी असते. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतंही मानक नाही. कंपनी बदलली की पिनांचा क्रम बदलतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही. कनेक्टर मात्र मजेत आत बसतो. परिणामी ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क एकदम जळतात.

मी स्वतः हे शिकलो ते एका चुकलेल्या केबलमुळेच. तीन डिस्कच्या त्या यंत्रात मूळ आणि बॅकअप एकाच केबलवर होते. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही, आणि ती शांतता अजून आठवते. तेव्हापासून एसएमपीएस बदलला की त्याच्या केबलही बदलतो, आणि डिस्क जोडण्याआधी मोकळ्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजून घेतो.

जुन्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरवरून साटा (आताच्या डिस्कची जोडणी) पॉवर करणारे अडॅप्टरही जपून वापरा. ज्यांच्या टोकावर प्लास्टिक ओतून तारा बंद केलेल्या असतात त्यांत आत शॉर्ट होऊन आग लागल्याची उदाहरणं आहेत. तारा दाबून बसवलेले अडॅप्टर बरे.

डिस्क पूर्ण गप्प आहे, फिरतच नाही. आशा आहे का?

आहे, आणि झटक्यानंतरच्या गप्प डिस्कमध्ये ती बरीच असते. डिस्कच्या बोर्डावर पॉवर कनेक्टरजवळ दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टसाठी आणि एक १२ व्होल्टसाठी. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ते स्वतः वाहू लागतात, आणि झटका मोठा असेल तर कायमचे शॉर्ट होऊन मरतात. याची खूण ठळक आहे: डिस्क जोडली की अख्खा संगणक चालू होत नाही, काढली की होतो.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून डायोडच्या दोन टोकांना लावला आणि दोन्ही दिशांनी बीप आली, तर तो शॉर्ट आहे. तो काढून टाकला की शॉर्ट सुटतो आणि पुष्कळदा डिस्क पुन्हा फिरू लागते. मात्र जवळचे शून्य ओहमचे रोधक किंवा फ्यूज तुटलेले नाहीत ना, आणि डायोड काढल्यावरही त्या तारेवर शॉर्ट शिल्लक नाही ना, हे तपासल्याशिवाय वीज देऊ नये. शॉर्ट उरला असेल तर मोटर चालवणारी चिपही गेली आहे. डायोड काढलेल्या डिस्कला आता कोणतंच संरक्षण नाही, म्हणून खात्रीच्या एसएमपीएसवर लावायची, डेटा लगेच दुसरीकडे उतरवायचा आणि ती निवृत्त करायची.

सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर जगातली एकमेव प्रत असलेल्या डिस्कवर तो बसवू नका.

तशीच दुसरी डिस्क आणून बोर्ड बदलला तर?

फार जुन्या डिस्कवर हे चालायचं. आताच्या डिस्कच्या बोर्डावर, बहुधा आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये, त्याच डिस्कच्या हेड आणि चकत्यांशी कारखान्यात जुळवलेली मापं साठवलेली असतात. दुसऱ्या बोर्डावर दुसऱ्या डिस्कची मापं असतात. ती लावून डिस्क फिरली तरी डेटा वाचत नाही, उलट टकटक सुरू होऊ शकते. बोर्डावर छापलेला क्रमांक जुळणारा हवा आणि जुनी चिप नव्या बोर्डावर हलवायला हवी. काही बोर्डांवर अशी वेगळी चिप नसते, मापं मुख्य कंट्रोलरच्या पोटात असतात. तिथे घरगुती उपाय संपतो. जळका बोर्ड कधीही फेकू नका, तो गेला तर रिकव्हरी करणाऱ्याचेही हात बांधले जातात.

डिस्क टक-टक-टक आवाज करते.

बंद करा. आत्ता. हेडला चकतीवरच्या दिशादर्शक खुणा वाचता येत नाहीत, म्हणून ते टोकाला जाऊन परत येतं, पुन्हा प्रयत्न करतं. हेड मोडलेलं असेल तर प्रत्येक फेरीत चकतीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि खरवडलेला डेटा कुणालाही परत आणता येत नाही. सॉफ्टवेअरचा इथे काहीही उपयोग नाही.

फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरतो आहे. बाहेर काढल्यावर थंड चकत्यांवर दव धरतं, आणि त्या दवावर हेड आदळतं. डिस्कवर टिचक्या मारणं आणि घरात झाकण उघडणं, दोन्ही त्याच पंक्तीतलं.

डिस्क फिरते, दिसते, पण ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारते.

नाही म्हणा. ‘इनिशियलाइझ करा’ असं विचारलं तरी नाहीच. चेकडिस्क किंवा एफएससीकेही मूळ डिस्कवर चालवू नका. ही साधनं फाइल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी लिहितात, आणि विसंगत वाटलेलं ते खुशाल कापतात. आजारी डिस्कवर तासन्‌तास फिरणं हेही तिला सोसत नाही.

आधी डिस्कची तब्येत बघा. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांसमोरचे कच्चे आकडे वाढलेले असतील तर सेक्टर जात आहेत. फक्त १९९ वाढलेला असेल तर साटा केबल बदला, बरेचदा तेवढ्यावर भागतं.

मग पूर्ण प्रत, म्हणजे इमेज, काढायची. मी यासाठी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (संगणक थेट त्यावरूनच सुरू होतो) जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरतो. साधी कॉपी खराब सेक्टरवर डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू आधी सहज मिळणारा सगळा भाग उचलतो, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे वळतो. डिस्क मधेच मरायची असेल तर मरण्याआधी तिच्यातलं जास्तीत जास्त हाती आलेलं असतं. नकाशा-फाइल जपा, ती असेल तर थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. मूळ आणि लक्ष्य डिस्क ओळखायची ती अनुक्रमांकावरून, आकारावरून नव्हे. उलटी दिशा दिली तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल.

पुढची सगळी खटपट इमेजवर करा. विभाजनांची नोंद हरवली असेल तर टेस्टडिस्क ती शोधून देतो. रचनाच गेली असेल तर फोटोरेक फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्या वेचतो, मात्र नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. प्रत घेताना वेग कोसळला किंवा नवा आवाज सुरू झाला, तर थांबा.

एसएसडीचं काय? ती तर आवाजही करत नाही.

म्हणूनच ती कधी गेली ते कळत नाही. कोणता डेटा कोणत्या चिपच्या कोणत्या कप्प्यात आहे याचा तक्ता एसएसडीचा कंट्रोलर सतत बदलत असतो. तक्ता लिहिला जात असताना वीज गेली तर डेटा चिपमध्ये असतो, पण त्याचा पत्ता हरवतो. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत अशा क्षणासाठी कॅपॅसिटर असतात, घरगुती एसएसडीत सहसा पुरेसे नसतात. इंटेलच्या ३२० मालिकेत २०११ मध्ये असा दोष सापडला होता की अचानक वीज गेल्यावर एसएसडी स्वतःची क्षमता अवघी ८ एमबी सांगायची. नंतर तिच्या फर्मवेअरची, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमची, दुरुस्ती आली.

डेटा केबल काढून, फक्त वीज देऊन अर्धा तास तसंच ठेवायचं, वीज काढायची आणि पुन्हा एकदा तेच करायचं, एवढा एक निरुपद्रवी उपाय करून बघण्यासारखा आहे. काही एसएसडी या शांत वेळात आपला तक्ता सावरतात. ट्रिम (पुसलेल्या फाइलींच्या जागा एसएसडीला रिकाम्या करायला सांगणारी सोय) चालू असताना पुसलेल्या फाइलींची आशा मात्र जवळजवळ सोडावी.

डिस्क शाबूत आहे, पण दुसऱ्या संगणकाला लावल्यावर ४८ अंकी किल्ली मागते.

ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं कूटलेखन, आहे. किल्ली जुन्या मदरबोर्डाच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये होती आणि मदरबोर्ड एसएमपीएसबरोबर गेला. काही संगणकांवर हे कूटलेखन मालकाच्या लक्षातही न येता चालू झालेलं असतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून रिकव्हरी किल्ली साठवलेली आहे का ते बघा. नोकरीतला संगणक असेल तर ती तिथल्या आयटी विभागाकडे असू शकते. किल्ली कुठेच नसेल तर जगातली कोणतीही प्रयोगशाळा ही डिस्क उघडू शकत नाही. ज्यांचं मशीन आज चालू आहे त्यांनी ती किल्ली आजच कागदावर उतरवून ठेवावी, एवढी कळकळीची विनंती.

बाहेरच्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा चार्जर लावला.

पिन बसते म्हणून हे घडतं. १२ व्होल्टच्या जागी १९ व्होल्ट गेले. बरेचदा खोक्यातला छोटा जोड-बोर्ड किंवा टीव्हीएस डायोड जातो आणि डिस्क वाचते. ती खोक्यातून काढून थेट साटावर लावता येते, पण काही बाह्य डिस्कमध्ये तो जोड-बोर्डच डेटा कूटबद्ध करतो. तसं असेल तर थेट लावल्यावर निरर्थक आकडे दिसतील. तेव्हाही फॉरमॅट करू नका, जोड-बोर्ड जपून ठेवा.

रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यायचं ठरवलं. काय विचारू?

हेड बदलायचं काम आयएसओ ५ दर्जाच्या, म्हणजे जवळजवळ धूळमुक्त, स्वच्छ जागेत होतं का, आधी इमेज काढतात का, डेटा न मिळाल्यास शुल्क किती, आणि सापडलेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवतात का. ‘शंभर टक्के मिळेल’ असं डिस्क न बघताच सांगणाऱ्याकडून परत या. तुम्ही आधी काय काय केलंत ते खरं सांगा. दोनदा चालू करून पाहिलं, डायोड काढला, बोर्ड बदलला, हे लपवलं तर निदान चुकतं आणि ते तुमच्याच डेटाच्या मुळावर येतं. रेड संचातल्या (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठवणीतल्या) डिस्क देताना कोणती कोणत्या खणात होती त्याची चिठ्ठी प्रत्येकीवर लावा, आणि त्याआधी ‘रिबिल्ड’ला, म्हणजे संच पुन्हा उभारण्याच्या पर्यायाला, हात लावू नका.

नवा एसएमपीएस घेताना ‘८० प्लस’ बघितलं की झालं?

नाही. ते चिन्ह कार्यक्षमतेचं आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते त्याचं. जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह आणि शॉर्ट यांपासून संरक्षण आहे का ते वेगळं बघावं लागतं. यूपीएस जरूर लावा. त्याने निदान फाइली बंद करण्याइतका वेळ मिळतो.

डेटा मिळाला. आता?

फाइलींची नावं दिसली म्हणजे फाइली मिळाल्या असं समजू नका. अडलेल्या सेक्टरांच्या जागी शून्यं भरलेली असतात, आणि फोटो अर्ध्यापासून करडा निघू शकतो. मोठ्या, जुन्या, महत्त्वाच्या फाइली एकेक उघडून बघा: व्हिडिओ शेवटपर्यंत पळवा, झिप फोडून बघा, हिशेबाची फाइल त्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. हे होईपर्यंत मूळ डिस्क, इमेज आणि जळका बोर्ड, काहीही पुसू किंवा टाकू नका. मग दोन प्रती करा आणि त्यातली एक अशा जागी ठेवा जिथे या संगणकाची केबल पोचत नाही.